बोअरचे पाणी तपासून घेताना
आमच्या बोअरचे पाणी कोल्हापुरातील एका खासगी प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. नमुना न्यायला आलेल्या मुलीने आधी पाणी वाहू दिले, नळाचे तोंड ज्योतीने तापवले आणि मगच निर्जंतुक बाटली भरून बर्फाच्या डब्यात ठेवली. ही शिस्त मनापासून आवडली. अहवाल मात्र चार दिवस उशिरा आला आणि क्लोराइड (मिठातला एक घटक) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत म्हणून ‘योग्य’ एवढाच शेरा मिळाला. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री, एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांनी १८८७ पासून मॅसॅच्युसेट्समधील पाणी तपासताना दाखवले होते, की समुद्रापासून आत जावे तसे नैसर्गिक क्लोराइड घटते. त्या जागेच्या नैसर्गिक प्रमाणाहून जास्त निघाले, तर सांडपाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. म्हणून तुलनेसाठी शेजारच्या विहिरीचाही नमुना (वेगळे पैसे मोजून) दिला. आमचा आकडा तिच्या दुपटीहून अधिक भरला.