क्वांटमधले रंग: आठ महिने वापरल्यावर (आणि १७ पानं वाया गेल्यावर)

परवा विश्रामबागेतल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रबंधाच्या आकृत्यांच्या प्रिंट काढल्या. रंगीत पान १० रुपये, साधं २. आकृत्या १७. साहजिकच साध्या काढल्या. घरी येऊन बघतो तर पोटेन्शियलचा (इलेक्ट्रॉनच्या जागेनुसार बदलणाऱ्या ऊर्जेचा) खड्डा आणि टेकडी दोन्ही सारख्याच काळपट! मधला शून्याचा पट्टा तेवढा पांढराफटक.

क्वांट म्हणजे सूक्ष्म उपकरणांतून इलेक्ट्रॉन कसे वाहतात हे मोजणारं सॉफ्टवेअर, जास्त सांगत बसत नाही. फुकट आहे, पायथनमध्ये आहे, ग्रोथ, विमर, आखमेरोव्ह, वेंतल यांचा २०१४ चा पेपर वाचणाऱ्यांनी पाहिलेलाच असणार. माझ्या ४ जीबीच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर ६०×४० बिंदूंची (साइटची) जाळी कुरकुर न करता सुटते. कंडक्टन्सबद्दल (वीज किती सहज वाहते त्या आकड्याबद्दल) तक्रार नाही. माझं भांडण रंगाशी.

प्रत्येक साइटला तिच्या पोटेन्शियलप्रमाणे (V) रंग हवा तर साइट-कलर या पर्यायाला फंक्शन द्यायचं, एवढंच. पण बिल्डरवर (सिस्टीम अजून रचत असताना) छान चाललेलं फंक्शन सिस्टीम फायनलाइझ केल्यावर, म्हणजे गणितासाठी पक्की केल्यावर, आपटलं, कारण तिथे साइट म्हणजे नुसता क्रमांक. त्यावरून साइटच्या यादीत जाऊन जागा शोधायची. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, दोन दिवस घालवल्यावर वाचलं. शिवाय मी आधी सरळ ऑनसाइट ऊर्जेलाच (साइटच्या एकूण ऊर्जेला) रंग दिला होता. त्यात V सोबत ४t मिसळलेला (t म्हणजे शेजारच्या साइटवर उडी मारण्याची ऊर्जा), त्यामुळे शून्य कुठे तेच दिसेना. रंग फक्त V ला द्या.

मग कलरमॅप, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला रंग ते. क्वांटचा डीफॉल्ट करडा. पहिल्या दिवसापासून मी त्याला शिव्या घातल्या. इतकं सुंदर गणित आणि चित्र रेशनकार्डाच्या झेरॉक्ससारखं! म्हणून लाल-निळा लावला, मध्ये पांढरा. स्क्रीनवर झकास. पण त्याची दोन्ही टोकं गडद, म्हणून साध्या प्रिंटमध्ये +V आणि −V एकच. जेट हा जुना इंद्रधनुषी कलरमॅपही त्याच वळणाचा. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीने २०१७ मध्ये २.० आवृत्तीत डीफॉल्ट म्हणून जेटऐवजी व्हिरिडिस का आणला, ते मला १७ पानांनी शिकवलं: त्याचा उजळपणा एकाच दिशेने चढतो. आणि करड्याचाही! म्हणजे शिव्या परत घेतो.

आता करडा ठेवलाय. पांढऱ्या साइट कागदात विरतात म्हणून त्यांना बारीक काळी कड दिली आणि चिन्हासाठीही फंक्शन चालतं म्हणून V धन तिथे चौकोन, ऋण तिथे गोल. लीड (सिस्टीमला जोडलेल्या तारा) मात्र आपोआप लाल येतात आणि प्रिंटमध्ये पोटेन्शियलचाच भाग वाटतात, त्यांचा रंग बदलाच.

एक राग अजून आहे. रंगांची मोजपट्टी प्रत्येक चित्रात आपोआप ताणली जाते. ०.१t चा किरकोळ डिसऑर्डर (पोटेन्शियलमधले अस्ताव्यस्त चढउतार) आणि ३t चा राक्षसी डिसऑर्डर सारखेच भडक. इर्विन पुलावर कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. दरवर्षी त्या वर्षीच्या पाण्याप्रमाणे आकडे रंगवले तर सांगलीत कोण सामान हलवेल? म्हणून रंग स्वतः एकाच मापाने काढून क्वांटला देतो.

नवीन १७ पानं, ३४ रुपये. गाइडसरांना दाखवली. चष्मा वर करून म्हणाले, "रंगीत नाही काढलीस व्हय रे?"