दुक्ममध्ये नऊ वर्षं: लँड क्रूझर 79 पिकअप

ओमानच्या किनाऱ्यावरच्या दुक्मला नोकरीला आलो तेव्हा टोयोटाची ही गाडी घेतली, आज मीटर 2,60,000 किमीच्या पुढे आहे. 4 लिटरचं पेट्रोल इंजिन अजून उघडलेलं नाही. वाळूत टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली की मागे सामान लादूनही निघते.

खरा वैरी वाळू नाही, मीठ. आतल्या वाळवंटात धूळ कोरडीच राहते. इथे रात्री समुद्रावरून दमट हवा येते आणि चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, चिकटलेलं मीठ तिच्यातला ओलावा ओढून घेतं. पाऊस न पडताही लोखंड ओलंच. जून ते सप्टेंबर वारा सुटला की खारे तुषार थेट बॉनेटखाली.

एकदा सबख्यात, म्हणजे खारट चिखलात, रुतलो आणि तीन आठवडे खालून धुतलं नाही. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट इतके गंजले की पान्याला दादच देईनात, शेवटी ग्राइंडरने कापले. चूक माझीच. तेव्हापासून दर शुक्रवारी गोड्या पाण्याने चासी धुतो, आतल्या पोकळीत नळी घालून, आणि वर्षातून एकदा मेणाचं कोटिंग. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश मात्र उन्हाने तडकतातच, ते बदलायची तयारी ठेवा.

किनाऱ्यावर राहणार असाल तर हीच घ्या. जुनी घेताना आधी खाली झोपून चासी बघा.