अक्कड की हिटाइट? दुष्काळाने साम्राज्य बुडालं, हे कुठे जास्त पटतं

हवामानामुळे साम्राज्य कोसळल्याचं एकच उदाहरण द्यायचं झालं, की बहुतेक जण अक्कडचं नाव घेतात. मी आजच्या तुर्कस्तानातल्या हिटाइटांचं घेईन.

अक्कडची गोष्ट दणदणीत आहे, यात वाद नाही. इ.स.पू. २३३४च्या सुमारास सारगॉनने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, हे अक्कडचं राज्य उभं केलं आणि दोनशे वर्षांच्या आत ते संपलं. १९९३ साली पुरातत्त्वज्ञ हार्वी वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईशान्य सीरियातल्या, अक्कडच्या अमलाखालच्या तेल लेलान शहराच्या मातीवरून मांडलं, की अवर्षणाने शहर ओस पडलं. पुढे २००० साली ओमानच्या आखातातल्या गाळात कोरड्या जमिनीवरून उडून आलेली ‘त्याच सुमाराची’ धूळ मिळाली. गोम या ‘सुमारा’तच आहे. त्या धुळीचं वय सव्वाशे वर्षं मागेपुढे होऊ शकतं. राज्य जेमतेम पावणेदोनशे वर्षांचं आणि माप एवढं सैल, मग आधी पाऊस गेला की आधी सत्ता, हे कोण सांगणार? इराणमधल्या गुहेतल्या चुनखडीने नंतर तारखा बऱ्याच घट्ट केल्या, हे मान्य. पण लेलानच्या शेजारचं तेल ब्राक त्याच काळात आक्रसलं तरी पुरतं ओस पडलं नाही. आणि पुरावा म्हणून सांगितलं जाणारं ते अक्कडला लागलेल्या शापाचं सुमेरियन काव्य? ते सगळं खापर सारगॉनचा नातू राजा नराम-सिन याच्यावर फोडतं. प्रत्यक्षात त्याच्यामागून त्याच्या मुलाने वीसेक वर्षं राज्य केलं.

हिटाइटांकडे मात्र लाकूड आहे. तुर्कस्तानात गॉर्डियन या प्राचीन शहराच्या मोठ्या थडग्यात ज्युनिपरचे जुने ओंडके लागले. त्यांच्या वलयांची रुंदी आणि त्यातला कार्बन तपासून २०२३ साली निष्कर्ष आला, की इ.स.पू. ११९८ ते ११९६ ही सलग तीन वर्षं भीषण कोरडी गेली. चूक झालीच तर तीनेक वर्षांची. राजधानी हातुशा ओस पडली तीही १२००च्याच आसपास.

सलग तीन वर्षं म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या वर्षी कणगीतलं खायचं, दुसऱ्या वर्षी बियाणाला हात घालायचा, तिसऱ्या वर्षी गाव सोडायचं.

शिवाय इथे भूक खुद्द दरबाराच्या पत्रांत आहे. धान्याचं जहाज पाठवा, हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, असं हिटाइट दरबाराने सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितच्या राजाला लिहिलं. इजिप्तचा राजा मर्नेप्ताह तर कोरून ठेवतो, की ‘हत्ती’ देश, म्हणजे हिटाइटांचा देश, जगवायला आपण धान्य धाडलं.

पण हे पुरावे दुष्काळाच्या त्या तीन वर्षांआधीचे असावेत. निदान मर्नेप्ताहचा लेख तरी नक्कीच. म्हणजे कोठारं आधीपासूनच रिकामी होत होती. त्यात राजघराण्यातली भाऊबंदकी वेगळीच. आणि गॉर्डियन ते हातुशा अंतर दोनशे किलोमीटरच्या वर, तेव्हा तिथलं झाड इथल्या शेताची साक्ष कितपत देणार, ही शंकाही रास्त आहे.

तरी माझं मत हिटाइटांकडेच, फक्त वाक्य बदलून: दुष्काळाने साम्राज्य पाडलं असं न म्हणता, डळमळलेल्या राजधानीला दुष्काळाने शेवटचा धक्का दिला असं म्हणा. महाराष्ट्रातही १९७२चा दुष्काळ काही एका वर्षाचा नव्हता. पण तेव्हा सुकडी होती, पाझर तलावांची कामं होती, बाहेरून धान्य येत होतं. हातुशाचं धान्य समुद्रावरून येऊन पुढे शेकडो किलोमीटर डोंगर चढायचं. आणि ‘साम्राज्य’ न म्हणता ‘राजधानी’ म्हणायचं कारण असं, की फरात नदीकाठच्या कार्केमिश शहरात त्याच राजघराण्याची शाखा नंतरही गादीवर राहिली.