एका कार्डसंचाविषयी
अप्पा बळवंत चौकातील एका दुकानात मिळालेला, आफ्रिकन-अमेरिकन इतिहासातील व्यक्ती आणि टप्पे सांगणारा हा मराठी कार्डसंच शालेय मुलांसाठी असला, तरी मोठ्यांनीही वाचावा असा आहे. गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेले हॅरिएट टबमन आणि फ्रेडरिक डग्लस अपेक्षितच होते. परंतु अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांच्या गाजलेल्या नकाराच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिल्याबद्दल अटक झालेल्या पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिन यांना स्वतंत्र कार्ड दिलेले पाहून संपादकांच्या निवडीविषयी आदर वाटला. छपाई सुबक आहे, खोके मात्र तकलादू.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६३ मध्ये संपली, हे एका कार्डावरील विधान मात्र खटकते. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा त्या वर्षीचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा यादवी युद्धातील बंडखोर दक्षिणी राज्यांतील प्रदेशांपुरताच होता; देशभर बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. शिवाय जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता, याचा पुण्यातच तयार झालेल्या संचात उल्लेखही नसावा, हे आश्चर्यच! शाळेच्या ग्रंथालयासाठी संच जरूर घ्यावा. मात्र १८६३ चे कार्ड शिक्षकांनी आधी दुरुस्त करावे.