गाभण म्हणून घेतलेल्या दोन कालवडी

निफाड तालुक्यात गोदाकाठी आमची अडीच एकर आहे. कांद्याचे पैसे आले की दरवर्षी ते खता-औषधात जातात, म्हणून मागच्या मार्गशीर्षात ठरवलं की दोन गाभण कालवडी घ्यायच्या, वर्षभरात दूध सुरू होईल. सिन्नर-शिर्डी रस्त्याकडच्या एका व्यापाऱ्याच्या गोठ्यावर गेलो. माणसाचं नाव लिहीत नाही, पण जे झालं ते सगळं लिहितो, कारण हीच पद्धत अजून चालू आहे.

दोन्ही होल्स्टीन संकर. "दोन्ही दुशा, पाच महिन्यांच्या गाभण, एकीला तर सेक्स सॉर्टेड सीमेन भरलंय, पाडीच होणार." दुशी म्हणजे पहिले दोन पक्के दात आलेली, सेक्स सॉर्टेड सीमेन म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून निवडलेलं वीर्य. त्यानं भरवल्याची चिठ्ठी दाखवली, तीवर कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर होता. एकीच्या कानात टॅग होता, दुसरीचा "वाटेत तुटला". पहिलीचं तोंड मी उघडून पाहिलं, खालच्या जबड्यात दोन मोठे दात होते. दुसरीकडे वळेपर्यंत अंधार पडला होता, गाडीवाला घाई करत होता. तिचं तोंड पाहिलं नाही. प्रत्येकी ७२ हजार असे १ लाख ४४ हजार तिथंच मोजले. कोऱ्या कागदावर पावती मिळाली : "कालवड २ नग".

घरी उतरवल्यावर आईनं पहिलीच्या मागं उभं राहून बराच वेळ पाहिलं. योनीच्या खालच्या टोकाला लांब केसांचा झुपका होता. आई म्हणाली, "ही गोऱ्ह्याबरोबरची जुळी दिसते रे. असली लागत नाही." मी म्हटलं, "अगं, पाच महिन्यांची गाभण आहे ती." पोटही भरलेलं दिसत होतं. आठ दिवसांत ते उतरलं. मीठ चाटवून भरपूर पाणी पाजलं की पोट तसंच टम्म दिसतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

डॉक्टरांना बोलवायला मी दीड महिना लावला. तीच माझी खरी चूक. त्यांनी हातमोजा चढवून तपासलं आणि गर्भाशय हाताला लागलं नाही. मार्गही नेहमीच्या निम्म्याहून आखूड. गाईला नर आणि मादी असं जुळं राहिलं की पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं, नराच्या संप्रेरकांनी मादीची गर्भाची जागा नीट घडतच नाही. शंभरातल्या नव्वदहून जास्त अशा पाड्या कायमच्या वांझ राहतात. आईला हे कारण ठाऊक नव्हतं, खूण मात्र ठाऊक होती.

दुसरी खरंच गाभण होती, पण तोंड उघडलं तर सगळे दुधाचे दात. आदत! दोन वर्षांच्या सुमारास पहिले दोन पक्के दात येतात, म्हणजे ती जेमतेम दीड वर्षाची. डॉक्टरांनी टेप लावली : छातीचा घेर ५६ इंच, लांबी ४८. घेराचा वर्ग करून लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं, म्हणजे किलोत वजन येतं. २२८ भरलं. संकरित कालवड भरवतानाच अडीचशे किलोच्या पुढं हवी, आणि ही साडेसहा महिन्यांची गाभण असूनही तिथं पोचली नव्हती. दवाखान्यात तो बारा आकडी नंबर टाकून पाहिला, तर तो एका म्हशीचा निघाला.

चैत्रात ती व्यायला लागली. शेपटीच्या मुळाशी खड्डे पडले, कास ताठली, रात्री अकराला पाणमोट फुटली. एक खूर आणि नाक दिसायला लागलं, दुसरा पाय नाहीच. जीभ बाहेर, सुजून निळी पडलेली. दोन खूर आणि त्यावर नाक असं येत असेल तर थांबायला हरकत नाही, नुसता एकच पाय दिसला तर ओढू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. शेजाऱ्यानं दोर आणला होता, मी तो हातातून काढून घेतला. डॉक्टर येईपर्यंत दीड वाजला. त्यांनी वासरू आत ढकललं, गुडघ्यात दुमडलेला पाय सरळ केला, दोर खुरांच्या वरच्या सांध्यापलीकडे बांधले आणि ती कळ देईल तेव्हाच, खालच्या दिशेनं ओढायला लावलं. पाऊण तास गेला. गोऱ्हा निघाला, मोठ्या हाडाचा. नाकातला चिकटा काढला, छाती चोळली, मागचे पाय धरून उलटा टांगला. श्वास घेतलाच नाही.

कालवड तीन दिवस उठली नाही. मागच्या पायांच्या नसा दबल्या होत्या. खाली पेंढा जाड घालून दर काही तासांनी आम्ही दोघं नवरा-बायको तिला कुशीवरून कुशीवर फिरवायचो. चौथ्या दिवशी पुढचे गुडघे टेकून ती उभी राहिली तेव्हा बायको तिच्या गळ्याला धरून रडली. आज चार-पाच लिटर देते, पण पुन्हा भरवायची घाई करायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

व्यापाऱ्याकडे दोनदा गेलो. "नेली तेव्हा गाभणच होती, वाटेत टाकलं असेल." मी म्हटलं, जिला गर्भाशयच नाही तिनं टाकलं काय? त्यावर तो म्हणाला, पावती दाखव. पावतीवर "गाभण" हा शब्दच नव्हता, टॅग नंबर नव्हता, वय नव्हतं. पोलिसांनी दिवाणी बाब सांगितली. गावातल्या चार माणसांनी बसवलं तेव्हा १५ हजार परत मिळाले, बस्स.

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर डॉक्टर आपला न्या, व्यापाऱ्याचा नको. त्यांची फी अन् गाडीभाडं ७२ हजारांपुढं काहीच नाही. हात घालून तपासायला जो अडवेल त्याचा गोठा तिथंच सोडा. दिवसा उजेडी प्रत्येकीचं तोंड उघडा, टॅग नंबर तिथूनच तपासून घ्या, आणि "गाभण, अमुक महिने, नसल्यास पैसे परत" हे सहीसकट लिहून घेतल्याशिवाय इसाराच्या पुढं एक रुपया देऊ नका.

वांझ कालवड अजून दावणीला आहे. गेल्या आठवड्यात एक हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, आला, तीस हजार म्हणाला. मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "ते मला कशाला सांगता, मी पुढं गाभण म्हणूनच देणार." आई आतून बाहेर आली आणि त्याच्यासमोर तिला वैरण टाकायला लागली. मी त्याला फाटकापर्यंत सोडून आलो.