हेलडायव्हर्स २ : पावसाळ्यापासून आतापर्यंत खेळून झालेलं मत

या व्हिडिओ गेममध्ये मिशनची वेळ संपली की वर कक्षेत थांबलेलं तुमचं जहाज सरळ निघून जातं. मग बॉम्ब नाहीत, दारूगोळ्याची पेटी नाही, मेलेल्याच्या जागी नवा सैनिक नाही. पेलिकन नावाचं यान तेवढं न्यायला येतं, आणि ते उतरेपर्यंत जे कोणी जिवंत उरलेत त्यांनी हातात असेल त्यावर तग धरायचा. 'हेलडायव्हर्स २'चं नाव निघालं की लोक स्फोटांबद्दल आणि लोकशाहीच्या आरोळ्यांबद्दल बोलतात. मला विचाराल तर पैसे वसूल होतात ते या शेवटच्या काही मिनिटांत.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टॉकहोमच्या ॲरोहेड स्टुडिओचा हा गेम. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएस५ आणि पीसीवर आला, ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सबॉक्सवर. २०१५ चा पहिला भाग वरून दिसायचा, इथे कॅमेरा सैनिकाच्या पाठीमागे आहे. तुकडी चौघांची. आमच्यात मी, माझा मामेभाऊ आणि त्याच्या ऑफिसातले दोघे. मी पीसीवर खेळतो.

बंदूक चालवणं हा यातला सोपा भाग. खरी ताकद वरून मागवायच्या मदतीत, म्हणजे स्ट्रॅटेजममध्ये. प्रत्येकाचा बाणांचा कोड असतो. मेलेल्या साथीदाराच्या जागी नवा माणूस हवा असेल तर वर-खाली-उजवीकडे-डावीकडे-वर. पाचशे किलोचा बॉम्ब हवा असेल तर वर-उजवीकडे आणि तीनदा खाली. एक बाण चुकला की पहिल्यापासून. मागून चार्जर नावाचा गेंड्यासारखा कीटक अंगावर येत असताना हे शांत डोक्याने दाबून दाखवा! आणि बॉम्ब कुठे पडणार ते आपण फेकलेल्या, लाल उजेड सोडणाऱ्या गोळ्यावर ठरतं. तो आपटून भलतीकडे गेला तर बॉम्बही भलतीकडे पडतो. आपल्या गोळीने आपलाच माणूस मरतो, आणि हे बंद करायची सोय नाही. आमच्या हेडफोनवर निम्मा वेळ "दादा, तो लाल उजेड तुझ्या पायाशी आहे, पळ!" आणि "अरे, पण टाकला कोणी?" एवढंच चालू असतं.

अडकून पडल्याची जाणीव बारीक नियमांतून येते. अर्धं मॅगझीन बदललंत तर उरलेल्या गोळ्या गेल्या. चौघांत मिळून वीस बदली सैनिक, ते संपले की पुढच्या माणसासाठी वाट बघत बसायचं. गोठलेल्या ग्रहावर लेझरची बंदूक उशिरा तापते, तापलेल्या ग्रहावर लगेच. आयन वादळ आलं की मदत मागवताच येत नाही. हेलमायरवर तर आगीच्या वावटळी फिरतात, तिथे शत्रूपेक्षा हवामान जास्त माणसं मारतं. सगळ्यात निर्दय नियम पेलिकनचा आहे. पहिला माणूस आत चढला की वीस सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. मागे राहिलेल्यासाठी दारात थांबायचं की चढायचं, हे तेवढ्यात ठरवायचं. बरं, मुख्य काम झालं असेल तर कोणीही परत न येता मिशन यशस्वीच धरलं जातं! वाया जातात ते जमवलेले नमुने, ज्यांच्यातून जहाजाची सुधारणा होते. सुपर अर्थच्या, म्हणजे आपण जिच्यासाठी लढतो त्या सत्तेच्या लेखी त्या नमुन्यांपुढे सैनिकाची किंमत किती, ते वेगळं सांगायला लागत नाही.

हा विनोद सगळीकडे पेरलेला आहे. कीटकांशी युद्ध स्वातंत्र्यासाठी म्हणायचं, आणि त्यांच्याच शरीरातून ई-७१० नावाचं इंधन काढायचं. (७१० इंग्रजी आकड्यांत लिहून कागद उलटा करा.) मूल हवं असेल तर सी-०१ परवाना लागतो. जहाजावरच्या टीव्हीवरच्या बातम्या मी अजून थांबून बघतो.

सगळे खेळाडू एकाच युद्धात असतात, आणि ते युद्ध स्टुडिओतला जोएल नावाचा गेम-मास्टर चालवतो. मॅलेव्हलॉन क्रीकची लढाई मी यायच्या आधीच संपली होती, पण जुने खेळाडू अजून तिच्याबद्दल बोलतात. अंधारं जंगल, झाडांमधून येणारे रोबोंचे लाल लेझर, आणि सगळ्या खेळाडूंना दिलेला मुख्य आदेश दुसरीकडचा असूनही तिथून हटायला तयार नसलेले लोक. तो ग्रह परत मिळाल्यावर ३ एप्रिल २०२४ हा त्याचा स्मृतिदिन म्हणून पाळला गेला. त्याच वर्षी खेळाडूंपुढे पर्याय ठेवला होता: रणगाडाविरोधी सुरुंग मिळवायचे की आजारी मुलांचं इस्पितळ वाचवायचं. लोकांनी सुरुंग सोडून मुलं वाचवली, आणि स्टुडिओने 'सेव्ह द चिल्ड्रन' या मुलांसाठीच्या संस्थेला खरी देणगी दिली. गेममधल्या बातम्यांवर हसणारे लोक असं वागतात, याचं मला नवल वाटतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एकट्याने खेळण्यात मजा नाही. अनोळखी लोकांबरोबर चालतं, पण मागे राहिलेल्यासाठी थांबणारे कमी भेटतात. मिशनचे प्रकार दोनेक महिन्यांत पाठ होतात. अंडी फोडा, झेंडा उभारा, क्षेपणास्त्र सोडा, पुन्हा अंडी फोडा. आणि सैनिकाला स्वतःची गोष्टच नाही. मेला की दुसरा येतो, विषय संपला. विनोद म्हणून हे चोख आहे, पण ज्यांना कथा हवी त्यांना कोरडं वाटेल.

पीसीवर जागेची तक्रार मात्र मिटली. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर लवकर लोड व्हावं म्हणून फायलींच्या प्रती भरून ठेवल्या होत्या, त्यामुळे गेम सुमारे १५४ जीबी खायचा. डिसेंबर २०२५ मध्ये तो सुमारे २३ जीबीवर आला. लोड व्हायला वेळ लागतो तो मुख्यतः नकाशा तयार होण्यात, त्यामुळे त्या प्रतींचा फायदा फारसा नव्हता असं निघालं.

वॉरबॉन्ड, म्हणजे शस्त्रांचे संच, विकत घ्यायची घाई करू नका. त्यांना मुदत नसते आणि लागणारी सुपर क्रेडिट्स नकाशावर शोधूनही मिळतात. खालच्या, सोप्या लेव्हलवर ओसाड चौक्या पालथ्या घालत फिरलं तर बरी जमतात, आमच्यातल्या एकाने एकाही संचाला पैसे भरलेले नाहीत. दहा लेव्हल आहेत, पण दहावीचा हट्ट सोडा. आम्ही सातवर रमलो आहोत. तिथे जहाज जायच्या आत काम उरकता येतं, आणि नाही उरकलं तरी पेलिकनपर्यंत दोघे तरी पोचतात.