गच्चीवरच्या भाजीसाठी घेतलेला तयार संच : एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

मे महिन्याच्या अखेरीस पुण्यातील एका रोपवाटिकेतून मी घरच्या घरी भाजीपाला पिकवण्याचा तयार संच ३,४५० रुपयांना विकत घेतला. त्यात बारा इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या दहा जाड पिशव्या, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पाच-पाच किलोंच्या दोन विटा, वीस किलो गांडूळखत, दोन किलो निंबोळी पेंड, भाजीच्या बियाण्यांची आठ पाकिटे, फळमाशीचा एक सापळा आणि सोळा पानांची माहितीपुस्तिका एवढे साहित्य होते. जूनच्या मध्याला पेरणी केली आणि दसऱ्यापर्यंत गच्चीवर जे काही पिकले, सडले किंवा किडीने खाल्ले, त्याची नोंद एका वहीत ठेवली. हा अभिप्राय त्या वहीवरून लिहीत आहे.

संचातील सर्वांत चांगली वस्तू म्हणजे पिशव्या. चार महिने ऊन-पाऊस खाऊनही एकीचीही शिवण उसवलेली नाही, ओल्या मातीसह दोघांनी कानाला धरून उचलली तरी कान तुटत नाही आणि पाणी निचरण्याची भोके तळाला न ठेवता बाजूला, तळापासून बोटभर वर ठेवलेली असल्यामुळे ती गच्चीच्या फरशीला चिकटून बुजत नाहीत. मात्र दहा पिशव्या भरायला दिलेले साहित्य पुरत नाही. एका पिशवीत वर थोडी जागा सोडूनही सुमारे वीस लिटर मिश्रण मावते आणि दोन विटा भिजून फुगल्यावर त्यांत गांडूळखत मिसळले तरी सातच पिशव्या भरल्या. उरलेल्या तिन्हींसाठी मी पोयटा माती विकत आणली, आणि ही कमतरताच पुढे माझ्या पथ्यावर पडली.

कारण असे की, कोकोपीट पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात हा गुण आहे, परंतु जुलैतील सलग पावसात तोच दोष ठरला. पुस्तिकेत 'रोज एक लिटर पाणी द्यावे' एवढेच छापले आहे. कोणत्या महिन्यात, किती पाऊस असताना, याचा उल्लेख नाही. सुरुवातीचे काही दिवस मीही भाबडेपणाने ढगाळ हवेत झारी घेऊन फिरत होते. सातपैकी चार पिशव्यांतील वांग्याची आणि टोमॅटोची रोपे जमिनीलगत देठाशी मऊ पडून एका रात्रीत आडवी झाली. मातीच्या तीन पिशव्यांमध्ये असे काही झाले नाही. त्यानंतर मी सर्व पिशव्यांमधील मिश्रणात एक तृतीयांश माती आणि विटांचा जाडसर चुरा मिसळला, तेव्हा कुठे निचरा सुधारला.

बियाण्यांबाबत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. मिरचीच्या पंचवीस बियांपैकी सहा उगवल्या. प्रमाणित मिरची बियाण्याची उगवण किमान ६० टक्के असावी, असे आपल्याकडील मानक आहे, तेव्हा सहा ही संख्या नशिबावर ढकलता येत नाही. पाकीट नीट पाहिले असता किमतीच्या चिकटपट्टीखाली उगवण चाचणीची तारीख सापडली आणि ती चौदा महिन्यांपूर्वीची निघाली. बियाण्यांच्या पाकिटावरील चाचणीची मुदत सर्वसाधारणपणे नऊ महिन्यांची धरली जाते. पट्टी मुद्दाम तिथे लावली, असा आरोप मी करणार नाही, पण ती सोलूनच तारीख वाचावी लागली, हे खरे.

भेंडी मात्र वीसपैकी सतरा उगवली आणि पेरणीपासून सत्तेचाळिसाव्या दिवशी पहिल्या पाच भेंड्या हाती आल्या. त्या पाचांची भाजी होत नाही, म्हणून त्या आमटीत गेल्या. ऑगस्टमध्ये सहापैकी चार झाडांच्या पानांवर शिरा पिवळ्या पडू लागल्या, मग पाने आणि शेवटी भेंड्याही फिकट पिवळ्या येऊ लागल्या. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा हा विषाणूजन्य रोग पावसाळी भेंडीवर नेहमीचाच आहे आणि तो सहन करू शकणारे वाण निवडणे हा त्यावरचा पहिला उपाय. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली परभणी क्रांती ही जात त्यासाठीच नावाजली गेली. संचातील पाकिटावर वाणाचे नावच नव्हते; 'भेंडी, उत्कृष्ट प्रत' एवढ्यावर भागवले होते. भाजीचे नाव छापून वाणाचे न छापणे म्हणजे आंब्याच्या पेटीवर नुसते 'आंबा' लिहिण्यासारखे आहे.

दोडक्याने मला या हंगामात सर्वाधिक शिकवले आणि पुस्तिकेची सर्वांत मोठी चूकही दाखवून दिली. वेल जाळीवर चढला, घोसांनी नरफुले आली, नंतर एकेकटी मादीफुलेही दिसू लागली, ज्यांच्या देठाशी करंगळीएवढा शिरांचा दोडका आधीच धरलेला असतो. परंतु तीन आठवड्यांत आठ कोवळे दोडके पिवळे पडून गळाले. पुस्तिकेत वेलवर्गीय भाज्यांसाठी सरसकट 'सकाळी आठच्या आत हाताने परागीभवन करावे' असा सल्ला आहे आणि मी तो प्रामाणिकपणे पाळत होते. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या होत्या. मला ब्रश घेऊन मिटलेल्या फुलांशी झटताना पाहून म्हणाल्या, "अगं, दोडका दिवेलागणीला फुलतो. सकाळी काय शोधतेस त्यात?" त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास गच्चीवर गेले, तर अख्खा वेल पिवळाधमक उघडलेला होता. एक नरफूल तोडले, त्याच्या पाकळ्या मागे वळवल्या आणि परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवला. चौथ्या दिवशी तो दोडका वाढलेला स्पष्ट दिसला. पुढे ऑक्टोबरपर्यंत त्या एका वेलाने एकोणीस दोडके दिले आणि शिरांची चटणीही तीनदा झाली. घोसाळे आणि कारले सकाळी फुलते, दोडका संध्याकाळी, हा भेद भाजीपाल्याचा संच विकणाऱ्याला ठाऊक असायलाच हवा.

कारल्याची कथा सापळ्याशी जोडलेली आहे. कारली बोटभर झाली की वाकडी होऊन पिवळी पडत आणि चिरल्यावर आत अळ्या निघत. वास्तविक सापळ्यात आठवड्याला तीस-चाळीस माश्या अडकत होत्या, त्यामुळे उपाय लागू पडतो आहे, असे समजून मी निश्चिंत होते. नंतर सापळ्यातील वडीचे वेष्टन वाचले. त्यात मिथाइल युजेनॉल होते, जे आंबा-पेरूवरच्या फळमाशीच्या नरांना ओढून घेते; काकडी-कारल्यावरच्या माशीसाठी क्यू ल्युअरची वडी लागते. म्हणजे इमारतीमागच्या पेरूच्या माश्या मी इमानेइतबारे गोळा करत होते आणि कारल्याची माशी मोकळी होती. सापळा वाईट नाही, या संचात तो चुकीचा आहे. शेवटी फळ धरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर वर्तमानपत्राची पिशवी बांधायला सुरुवात केली आणि त्यानंतरची अकरा कारली स्वच्छ निघाली.

टोमॅटोची उरलेली रोपे करप्याने गेली, मेथी दोनदा पेरली आणि दोन्ही वेळा सडली. या दोन्हींना माझ्या गच्चीवरचा सलग पाऊस मानवला नाही, तरीही पुस्तिकेच्या तक्त्यात त्यांच्यापुढे 'वर्षभर' असे छापले आहे. जाता जाता हेही सांगते की, हंगामातील सर्वांत निर्धोक पीक अळूचे आले आणि त्याचा कंद काकूंनी दिलेला होता, संचातला नव्हता.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल मात्र चांगलेच लिहावे लागेल. मिरचीच्या पाकिटाचे छायाचित्र पाठवताच दुसऱ्या दिवशी नवे पाकीट विनामूल्य घरपोच आले, त्यावरची चाचणीची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती आणि त्यातील एकोणीस बिया उगवल्या. सापळ्याविषयी लिहिले, तेव्हा 'वरिष्ठांना कळवतो' असे उत्तर मिळाले. त्यानंतर काही कळले नाही.

पिशव्या आणि खत यांना मी पाचपैकी साडेचार गुण देईन, बियाण्यांना दोन, आणि पुस्तिकेला गुण देण्यापेक्षा ती मागे घेण्याचा सल्ला देईन. नवशिक्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर पूर्ण संच घेऊ नये. पिशव्या, गांडूळखत आणि निंबोळी पेंड सुटी मिळतात आणि त्यांची बेरीज माझ्या हिशेबाने २,३०० रुपयांच्या आत बसते. मी स्वतः हिवाळ्यासाठी त्याच रोपवाटिकेतून आणखी चार पिशव्या मागवल्या आहेत. मेथी परवा तिसऱ्यांदा पेरली आणि आज सकाळी ती मातीतून वर आलेली दिसली.